सूट दिली, जागा कधी देणार?

गेल्या वर्षी २ एप्रिलला बाविसावा रोजा होता. त्याच दिवशी आमच्या महाविद्यालयात जागतिक स्वमग्नता जाणीवजागृती दिन साजरा झाला. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी फाटकावर निळे फुगे बांधले होते. येणाऱ्या प्रत्येकाच्या खिशावर निळी फीत टाचली जात होती. मुख्य भाषण माझं होतं. मी या विषयातला तज्ज्ञ नाही, साहित्य शिकवतो. पण माझा भाचा स्वमग्न आहे हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे 'सर, तुम्हीच बोला' असं दरवर्षी ठरलेलंच असतं.

मी वीस मिनिटं बोललो. स्वमग्नता हा आजार नाही, मेंदूच्या जडणघडणीतला वेगळेपणा आहे. या मुलांना आवाज, उजेड, स्पर्श, गर्दी आपल्यापेक्षा फार तीव्रतेने जाणवते. ती हात हलवतात, डोलतात, गुणगुणतात, ते स्वतःला सावरण्यासाठी. त्यांना थांबवू नका, समजून घ्या. टाळ्या झाल्या. प्राचार्यांनी पाठ थोपटली.

संध्याकाळी मी भाच्याला घेऊन मोहल्ल्यातल्या मशिदीत इफ्तारला गेलो.

तो आपाचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. तेव्हा तेरा वर्षांचा होता. बोलतो कमी. पण रमजान जवळ आला की त्याच्या हातात एक कागद येतो, तो ईदपर्यंत सुटत नाही. सहरी आणि इफ्तारच्या वेळांचं ते वेळापत्रक. दरवर्षी कुठला ना कुठला दुकानदार आपल्या जाहिरातीसह ते छापतो आणि मशिदीबाहेर वाटतो. तीस दिवसांच्या साठ वेळा त्याला पाठ असतात. घरात तो घड्याळासमोर बसून इफ्तारचा मिनिट गाठतो. त्या वर्षी त्याने हट्ट धरला की मशिदीत जायचं. कागदावरचा मिनिट जिथे अजान होऊन खरा ठरतो, ती जागा त्याला पाहायची असणार.

दस्तरखान अंथरलेले होते. खजूर, केळी, टरबुजाच्या फोडी, भजी, सरबताचे पेले. दोनशे माणसं, सगळी एकदम बोलणारी. तो माझ्या शेजारी कागद धरून बसला होता. वेळ झाली आणि सायरन वाजला. त्यापाठोपाठ आतल्या स्पीकरवर अजान सुरू झाली. तो स्पीकर नेमका आमच्या डोक्यावर होता. त्याने दोन्ही हातांनी कान दाबले, तो पुढे-मागे डोलू लागला आणि एकाच सुरात मोठ्याने गुणगुणू लागला. मगरिबची नमाज इफ्तारनंतर लगेच होते. सगळे उभे राहिले, मशीद शांत झाली आणि त्या शांततेत फक्त त्याचा आवाज उरला.

नमाज संपली तेव्हा माना वळल्या. पुढच्या सफेतले, म्हणजे रांगेतले एक बुजुर्ग माझ्याजवळ आले. भला माणूस. लहानपणी मला त्यांनीच सायकल शिकवली. हळू आवाजात म्हणाले, "मास्टर, इसकू घर में च रखना था ना. इसके पे तो फर्ज बी नई."

मी वाद घातला नाही. खिशातून मोबाइल काढला आणि आपाला फोन केला. घर दोन गल्ल्यांवर आहे. ती हातातला खजूर तसाच टाकून, ओढणी सावरत फाटकाशी आली. मी म्हटलं, "याला घेऊन जा, लोकांना त्रास होतोय."

आपाने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खिशावरच्या निळ्या फितीकडे पाहिलं. "तू बी?" एवढंच म्हणाली आणि त्याचा हात धरून निघून गेली.

दुपारी मी जे बोललो त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. तो कान का दाबतो, का डोलतो, का गुणगुणतो हे त्या मशिदीत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि त्याला बाहेर काढणारा मीच होतो. म्हणजे मला माहिती कमी पडली नव्हती. मग काय कमी पडलं? वर्षभर हा प्रश्न माझ्यासोबत आहे.

माहितीने काय दिलं

जाणीवजागृतीला मी नावं ठेवणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २००७ मध्ये ठराव करून २ एप्रिल हा दिवस नेमून दिला. तो ठराव मांडण्यात पुढाकार कतार या देशाचा होता. २००८ पासून हा दिवस पाळला जातो आणि त्याची गरज होतीच.

कारण त्याआधीचा इतिहास आयांना छळणारा आहे. अमेरिकेत लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने १९४३ मध्ये अकरा मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली आणि या वेगळेपणाला वैद्यकात नाव मिळालं. पण पुढची दोन-तीन दशकं तिकडचे नामांकित तज्ज्ञ सांगत राहिले की आई मायेने थंड असते म्हणून मूल असं होतं. त्या आयांना चक्क 'रेफ्रिजरेटर मदर' म्हटलं जाई. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये पुस्तक लिहून हे खोडून काढायला सुरुवात केली. तो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता. पुढे १९९८ मध्ये लशीमुळे ऑटिझम होतो असं सुचवणारा एक शोधनिबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. तो खोटा ठरला, २०१० मध्ये मागे घेतला गेला, पण त्याची भीती अजून फिरते आहे.

आमच्या मोहल्ल्यात 'रेफ्रिजरेटर मदर' हा शब्द कुणी ऐकलेला नाही. तरी आपाने तो पुरेपूर भोगला. गरोदरपणी ग्रहण पाहिलं असशील. नजर लागली. ऊपर का असर आहे. एका बाईने सांगितलं, तू टीव्ही फार पाहायचीस. तावीज झाले, दम केलेलं पाणी झालं, दर्ग्याच्या जुमेराती झाल्या. 'ऑटिझम' हा शब्द घरात यायला चार वर्षं लागली. तो आला त्या दिवशी आपा रडली नाही. म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे नाही ना?" एका शब्दाने माझ्या बहिणीच्या डोक्यावरचा गुन्हा उतरवला. जाणीवजागृतीचं हे देणं मी विसरू शकत नाही.

कायद्यालाही ही ओळख उशिरा पटली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सातच प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ती घेतली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकार आले, त्यात ती आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता की साधारण शंभर मुलांमागे एक मूल स्वमग्न असतं. आपल्या २०११ च्या जनगणनेत मात्र तिच्यासाठी वेगळा रकानाही नव्हता. तेव्हा माहिती हवीच. अजून कितीतरी गल्ल्यांत ती पोहोचलेली नाही.

पण माहितीला एक सोय आहे. ती फुकट मिळते आणि बाळगायला काही लागत नाही. फीत लावायची, टाळ्या वाजवायच्या, घरी जायचं. ज्याच्याबद्दल माहिती मिळवली त्याच्यासाठी आपलं काहीच हलत नाही. ना आपली खुर्ची, ना आपला स्पीकर, ना आपली रांग.

ज्यांच्याविषयी बोललो, ते काय म्हणतात

स्वमग्न माणसांनी स्वतः हे केव्हाच सांगून ठेवलं आहे. जिम सिंक्लेअर या स्वमग्न कार्यकर्त्याने १९९३ मध्ये टोरांटोच्या परिषदेत पालकांसमोर एक निवेदन मांडलं. त्याचा आशय असा, की आमच्यासाठी शोक करू नका. तुमचा शोक तुम्ही कल्पिलेल्या मुलासाठी आहे, जे जन्मलंच नाही. आम्ही जन्मलो आहोत आणि तुमच्यासमोर उभे आहोत. २०११ मध्ये पॉला डर्बिन-वेस्टबी या स्वमग्न स्त्रीने एप्रिलमध्ये 'जाणीव दिना'ऐवजी 'स्वीकार दिन' पाळायला सुरुवात केली. पुढे दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, ऑटिझम सोसायटी ऑफ अमेरिका या जुन्या संस्थेनेही एप्रिल महिन्याच्या नावातला 'जाणीव' शब्द काढून 'स्वीकार' घातला.

निळ्या दिव्यांबद्दल, कोड्याच्या तुकड्याच्या चिन्हाबद्दलही अनेक स्वमग्न माणसांची हरकत आहे. तो तुकडा १९६३ मध्ये इंग्लंडमधल्या एका संस्थेने बोधचिन्ह म्हणून घेतला. त्यात एक रडणारं मूल होतं. ते म्हणतात, आम्ही काही कुणी सोडवायचं कोडं नाही.

हे मी नंतर वाचलं. त्याआधी मला ते माझ्या एका विद्यार्थिनीने सांगितलं होतं. कार्यक्रमानंतर दोन दिवसांनी ती स्टाफरूमच्या दाराशी आली. म्हणाली, "सर, तुमचं भाषण चांगलं झालं असं मुली सांगत होत्या. मी ऐकलं नाही. साउंड सिस्टिम इतकी मोठी होती की मला आत थांबता येईना. मी पार्किंगमध्ये उभी होते." मग थोडं थांबून म्हणाली, "कार्यक्रम माझ्याबद्दलच होता."

बारावीनंतर तिचं निदान झालं आहे. घरच्यांनी कुणाला सांगू नकोस म्हटलं आहे, पुढे लग्नाला अडचण नको म्हणून. दोन वर्षं ती माझ्या वर्गात पहिल्या रांगेच्या टोकाला बसत होती. मी तिला शिष्ट समजत होतो, कारण ती नजरेला नजर देत नाही. तिच्या वर्गात मी स्वमग्नतेवर दोनदा बोललोही होतो.

मराठीतला 'स्वमग्न' हा शब्दही मला तेव्हापासून खटकू लागला. स्वतःत बुडालेला. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे 'स्व', त्यावरून इंग्रजी शब्द बनला आणि त्यावरून आपला. या शब्दाने आपली सुटका होते. तोच आपल्यात बुडालेला, मग आपण काय करणार? पण माझा भाचा त्या संध्याकाळी स्वतःत बुडालेला नव्हता. मशिदीतला प्रत्येक आवाज त्याच्यापर्यंत पोहोचत होता, नको तितका. स्वतःत मग्न होतो ते आम्ही, आमच्या नमाजेत, आमच्या शांततेत. डेमियन मिल्टन या ब्रिटिश अभ्यासकाने, जो स्वतः स्वमग्न आहे, २०१२ मध्ये हेच शास्त्रीय भाषेत मांडलं: समजून घेण्यातली अडचण दुहेरी असते. त्यांना आपण कळत नाही तसे आपल्याला तेही कळत नाहीत. फरक एवढाच की जास्त संख्या आपली, म्हणून दोष त्यांच्या माथी.

फर्ज आणि हक्क

आता त्या बुजुर्गांच्या वाक्याकडे येतो. "इसके पे तो फर्ज बी नई." ते चुकीचं सांगत होते असं नाही. इस्लाममध्ये लहान मूल, झोपलेला माणूस आणि ज्याची बुद्धी हरपली आहे तो, या तिघांच्या कर्माचा हिशेब लिहिला जात नाही, अशी प्रेषितांची शिकवण आहे. स्वमग्नता म्हणजे वेड नव्हे. कितीतरी स्वमग्न माणसं शिकतात, नोकरी करतात, रोजे ठेवतात. तेव्हा कुणावर काय फर्ज, हे ज्या त्या माणसाकडे पाहून मुफ्तींनी सांगावं. माझा मुद्दा वेगळा आहे. सूट ही त्या माणसावरचं ओझं हलकं करण्यासाठी असते. आम्ही तिचा उपयोग आमचं ओझं हलकं करण्यासाठी केला. तुझ्यावर फर्ज नाही, म्हणजे तू यायला हवंस असं नाही. पण त्यावरून तू येऊ नकोस, हे कुठे निघतं?

गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी आज जवळजवळ प्रत्येक मशिदीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या असतात. सफेच्या टोकाला त्या मांडलेल्या असतात. त्यांना सजद्याची सूट आहे, ते बसून नमाज पढू शकतात. कुणी त्यांना म्हणत नाही की तुम्हाला सूट आहे ना, मग घरी बसा. आम्ही खुर्ची आणून ठेवली. सफेची रेघ थोडी वाकडी झाली, ती चालवून घेतली. गुडघ्यासाठी जे जमलं ते कानासाठी का जमू नये?

गोड शब्दांनीही माणूस दूर ठेवता येतो. आपाला लोक म्हणतात, "जन्नती बच्चा है." "अल्लाह की आजमाइश है, सब्र करो." बोलणाऱ्यांची नियत चांगली असते. पण आजमाइश म्हणजे परीक्षा. मी आयुष्यभर प्रश्नपत्रिका काढत आलो आहे. प्रश्नपत्रिकेवर कुणी प्रेम करत नाही, ती सोडवून मोकळं व्हायचं असतं. तो मुलगा त्याच्या आईची प्रश्नपत्रिका नाही. आणि सब्र फक्त तिनेच का करायचा? तीन रकातींपुरता तो आम्हीही करू शकलो असतो.

या महिन्यात आपण जकात काढतो. गाठीला असलेल्या धनाचे अडीच टक्के. लहानपणी अब्बांनी शिकवलं होतं की जकात देताना हात वर आणि मान ताठ ठेवायची नाही, कारण ते दान नाही. तो गरिबाचा हक्क आहे, आपल्याकडे नुसता ठेवलेला. स्वीकाराचंही तसंच आहे. ती मेहरबानी नव्हे. दुसऱ्याची जागा आपण अडवून बसलेलो असतो, ती त्याला परत द्यायची असते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चरित्रात दोन गोष्टी आहेत. दोन्ही मी शंभरदा ऐकल्या होत्या. पहिली अशी, की नमाज लांबवण्याच्या इराद्याने ते उभे राहत, पण मागून एखाद्या मुलाचं रडणं कानावर आलं तर नमाज आटोपती घेत, त्याच्या आईला घोर नको म्हणून. मुलाला बाहेर न्या, असं त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी नमाज बदलली.

दुसरी गोष्ट अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम या अंध सहाबींची, म्हणजे प्रेषितांच्या सोबत्यांपैकी एकाची. मक्केत प्रेषित कुरैश सरदारांशी बोलत असताना ते काही विचारायला मध्येच आले. प्रेषितांच्या कपाळाला आठी पडली आणि त्यांनी तोंड फिरवलं. त्यावर कुरआनात त्यांनाच समज देणारी आयत उतरली. त्या अध्यायाचं नावच 'अबस', म्हणजे 'त्याने कपाळाला आठी घातली'. इथवरची कथा सगळे सांगतात. पुढची मला जास्त महत्त्वाची वाटते. मदिनेत हेच अंध गृहस्थ मुअज्जिन झाले. रमजानमध्ये हजरत बिलाल रात्र असतानाच अजान देत आणि सहरी चालू राही. खाणं-पिणं थांबवायचं ते इब्ने उम्मे मक्तूम यांच्या अजानीवर. पहाटेचा उजेड ज्यांना दिसत नव्हता, त्यांच्या आवाजावर सारी मदिना रोजा सुरू करत होती. ते कसं जमायचं? पहाट झाली की लोक त्यांना सांगत, झाली बरं का, पहाट झाली. मग ते अजान देत.

अंधत्व वेगळं आणि स्वमग्नता वेगळी. पण पद्धत पाहा. त्यांना नुसती सूट दिली नाही, काम दिलं. आणि त्या कामात जे त्यांना जमण्यासारखं नव्हतं, तेवढं शेजारच्यांनी आपल्या अंगावर घेतलं. २०१६ च्या कायद्यात 'वाजवी सोय' अशी एक कल्पना आहे, शाळेने, कचेरीने, मालकाने अपंग व्यक्तीसाठी आपल्या व्यवस्थेत करायचा बदल. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत पाच टक्के आणि सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षणही त्यात आहे. हे सगळं आम्ही फलकावर लिहून लावतो. "झाली बरं का, पहाट झाली" असं शेजारी उभं राहून सांगणारा मात्र कुठल्याच कलमाने नेमता येत नाही.

यंदा

रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात मी इमामसाहेबांकडे गेलो आणि गेल्या वर्षीची सगळी हकिकत सांगितली. माझी चूकही सांगितली. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मुलाच्या आवाजाने नमाज तुटत नाही मास्टर. तुटत असती तर या पंख्यांनी आमची कधीच तोडली असती."

मग आम्ही थोड्याच गोष्टी केल्या. असरच्या नमाजेनंतर मशीद रिकामी असते, तेव्हा आठ दिवस त्याला नुसतं फिरवून आणलं. हौद, चपलांचे कप्पे, मिंबर, तो स्पीकर. शेवटच्या सफेचं दाराजवळचं टोक त्याचं ठरवलं. नको वाटलं तर तो उठून हौदाशी जाणार आणि वाटल्यास परत येणार, कुणी मागे धावायचं नाही. आतल्या स्पीकरचा आवाज खाली आणला. सायरन बंद करणं आमच्या हातात नाही, पण एक मिनिट आधी त्याला सांगायचं, म्हणजे तो कानांवर जाड हेडफोन चढवतो. तरावीह लांबते म्हणून तिला नाही, फक्त मगरिबला आणायचं.

विरोध झाला. एक विश्वस्त म्हणाले, "एका मुलासाठी दोनशे लोकांची सोय बदलायची?" दोघे-तिघे दुसऱ्या सफेत जाऊन उभे राहू लागले, ते अजून तिकडेच आहेत. उलट, आवाज कमी झाल्यावर दोन म्हाताऱ्यांनी येऊन सांगितलं की बरं वाटतं, यंदा डोकं दुखत नाही.

पहिल्या आठवड्यात लोकांना त्याच्या वेळापत्रकाचा शोध लागला. "कितने मिनट रे?" कुणीही विचारावं आणि त्याने घड्याळाकडे न बघता सांगावं. लोक खूश झाले. "अपना घडीवाला" असं नाव पडलं. मुलं त्याच्याजवळ बसू लागली. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. आता जमलं, असं वाटलं.

परवाची सत्ताविसावी रात्र बडी रात. मगरिबपासूनच मशीद भरली होती, वर्षातून एकदा येणारेही आले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा त्याच्या टोकावर अनोळखी माणसं बसली होती. त्यात वीज गेली, गलका झाला. तो किंचाळला, कपाळावर स्वतःच्याच मुठी मारू लागला, मग दाराशी आडवा झाला. रोज त्याला मिनिटं विचारणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला, "अरे, ये तो ऐसा नई था."

हे वाक्य ऐकलं तेव्हा मला कळलं की आम्ही अजून किती मागे आहोत. तो असाच होता. आम्ही त्याच्यातलं फक्त घड्याळ स्वीकारलं होतं, आमच्या उपयोगाचं. काहीतरी विशेष येतं म्हणून जागा दिली, तर ते भाडं झालं. भाडं थकलं की जागा जाते. ज्या स्वमग्न मुलाला असं काहीच येत नाही, ज्याला कधीच बोलता येणार नाही, त्याने मग कुठे बसायचं?

पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडली. दहावीतली दोन पोरं सफेतून उठली. त्यांनी त्या अनोळखी माणसांना हात जोडून बाजूला केलं आणि त्याच्याकडे पाठ करून, त्याला न शिवता, न बोलता, मध्ये भिंत करून बसून राहिली. हजार महिन्यांहून श्रेष्ठ मानली जाते अशी ती रात्र, आणि त्यांची मगरिबची जमात चुकली. वीस मिनिटांनी तो उठला, कागदाची घडी केली आणि माझ्यासोबत घरी आला. त्या पोरांना मी स्वमग्नतेवर एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. ती महिनाभर त्याच्याजवळ बसत होती, बस्स.

दुसऱ्या दिवशी मी जरा लवकर गेलो. शेवटच्या सफेच्या टोकाला एक चटई आधीच अंथरलेली होती. कुणी, ते विचारलं नाही.

ईद आता तोंडावर आहे आणि २ एप्रिल तिच्या पाठोपाठ. महाविद्यालयातून विचारणा झाली, सर, भाषण? मी माझ्या विद्यार्थिनीला विचारलं. तिला मंचावर यायचं नाही, नावही सांगायचं नाही. तिने एक कागद लिहून दिला: साउंड सिस्टिम नको, कार्यक्रमाची रूपरेषा आदल्या दिवशी द्या, दाराजवळच्या खुर्च्या रिकाम्या ठेवा, टाळ्यांऐवजी हात हलवा. एवढंच. भाषणाऐवजी आम्ही तो कागद अमलात आणणार आहोत.

आपा रोज मगरिबला फाटकाशी येऊन उभी राहते. फोन येईल म्हणून नाही, सवय म्हणून, असं ती म्हणते. त्या दिवसाचा विषय तिने पुन्हा काढला नाही आणि मीही तिची माफी मागितली नाही. लाखभर वाचकांसमोर चूक कबूल करणं सोपं आहे, बहिणीसमोर नाही. ईदच्या आधी ती मागायची आहे. भाच्याचीही मागायची आहे. त्याला शब्दांत सांगून ती पोहोचेल की नाही, मला माहीत नाही. तोवर त्याच्या शेजारी, शेवटच्या सफेत, मी उभा आहे.